शपथ मोडा, पण त्याच्यासमोर

वाचकाचा प्रश्न

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्या २७ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्याच्या खोलीतला मित्र त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. पूर्वपरीक्षा निघते, मुख्य परीक्षेत दरवेळी थोडक्यात हुकतं. दिवाळीनंतर मित्राने अभ्यासिकेत जाणं सोडलं. रात्र रात्र तो जागा असायचा, मेसचा डबा तसाच परत जायचा. एका रात्री गच्चीवर तो म्हणाला, "माझ्यापायी घरचे अडकलेत. मी नसलो तर सुटतील तरी." आणि लगेच आईची शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र तो शांत आहे. हसतो, जेवतो. नोट्स आणि पुस्तकं त्याने ज्युनिअर मुलांना देऊन टाकली, मेसची बाकी भागवली, उसने घेतलेले पैसे परत केले. तिसरा रूममेट म्हणतो, "बोलणारे काही करत नसतात, आणि आता तर तो सावरलाय."

वाचक विचारतो: थेट विचारलं आणि नसलेला विचार त्याच्या डोक्यात आला तर? मोठ्या भावाला कळवलं तर शपथ मोडेल आणि मैत्रीही जाईल. डॉक्टरकडे चल म्हटलं तर मित्र म्हणतो, रेकॉर्डवर येईल, उद्या पोस्ट निघाली तर नडेल. पोलिसांचं काही लचांड मागे लागेल का? दीड महिन्यावर वाचकाची स्वतःची परीक्षा आहे. "तो कूस बदलतो तेव्हा मी उठून बसतो," असं त्याने शेवटी लिहिलं आहे.

उत्तर

हे उत्तर तुम्हाला आजच ईमेलने पाठवते आहे, सदरात ते नंतर येईल. आधी सगळ्यांत निकडीचं सांगते. आज रात्री त्याला एकटं ठेवू नका, आणि त्याच्याशी आजच बोला. रविवारी निवांत बोलू, असं नको. बोलताना तो म्हणाला की सगळं ठरलंय, किंवा तुम्हाला तसं जाणवलं, तर समजावत बसू नका. ११२ ला फोन करा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, नाहीतर रिक्षा करून सरळ ससूनच्या अपघात विभागात न्या. छातीत कळ आलेल्या माणसाला आपण जसं नेतो, तसंच. तिथे रात्री-अपरात्रीही डॉक्टर असतात आणि "एवढ्यासाठी कशाला आलात" असं वाटून घेण्याचं काही कारण नाही.

आता त्याच्या शांत होण्याबद्दल. तुम्हाला हायसं वाटलं, आणि तरीही झोप लागत नाही. तुमच्या मनाने काहीतरी बरोबर टिपलं आहे. इतके दिवस तगमगणारा माणूस, परिस्थितीत काहीही बदललेलं नसताना, एकाएकी निवांत होतो आणि त्याच दिवसांत वस्तू वाटून टाकतो, देणी चुकती करतो, तेव्हा आपली काळजी वाढायला हवी. काही जणांची घालमेल थांबते ती निर्णय झाल्यामुळे. पण दुसरंही शक्य आहे. परीक्षेचा नाद सोडून गावी जायचं, काही कामधंदा बघायचा, असं त्याने ठरवलं असेल. म्हणून पुस्तकं दिली असतील, म्हणून हलकं वाटत असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही दोघे रूममेट त्याच्या चेहऱ्यावरून अर्थ लावत बसला आहात, एक जण चांगला, एक जण वाईट. त्याने काहीच कळणार नाही. त्यालाच विचारावं लागेल.

"बोलणारे काही करत नसतात" हे तुमच्या तिसऱ्या रूममेटचं म्हणणं मात्र मला साफ खोडून काढायचं आहे, कारण या एका समजुतीपायी फार घरांत नको तेवढा उशीर होतो. जीव देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आधी कुणापाशी तरी काहीतरी बोलून दाखवलेलं असतं. वाक्यं साधीच असतात. "कंटाळा आलाय आता सगळ्याचा." "तुम्हाला एकदाचं मोकळं करतो." आपल्या बोलण्यात अशी वाक्यं इतकी येतात की ती ऐकूनही ऐकू येत नाहीत. तुम्हाला ती ऐकू आली.

विचारल्याने विचार रुजतो, ही भीती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असते. तिची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमधल्या २,३४२ मुलांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, काहींना नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तर ज्यांना विचारलं होतं त्यांचा मनस्ताप वाढलेला नव्हता, त्यांच्यात असे विचारही जास्त आलेले नव्हते. जी मुलं आधीपासून खचलेली होती, त्यांना तर न विचारलेल्या मुलांपेक्षा कमी त्रास झालेला दिसला. तुमच्या मित्राच्या बाबतीत तर विचार तुम्ही आणून देण्याचा प्रश्नच नाही. तो त्याने स्वतः गच्चीवर तुमच्यासमोर बोलून दाखवला आहे.

विचारण्याची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. "काही वेडंवाकडं तर डोक्यात नाही ना रे?" असं विचारलं की उत्तर आपणच देऊन ठेवलेलं असतं. तो "छे, काहीतरीच काय" म्हणेल आणि तुम्ही दोघेही सुटल्यासारखे व्हाल. गच्चीवर नेऊ नका. खोलीत तिसरा कुणी नसताना बसा, किंवा जेवून झाल्यावर रस्त्याने चालत बोला. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, ते पुष्कळ मुलांना सोपं जातं. म्हणा, "त्या रात्री तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू पुस्तकं देऊन टाकलीस, सगळ्यांचे पैसे फेडलेस. मी सरळ विचारतो, भावा, जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?" मग गप्प राहा. तो बराच वेळ काही बोलणार नाही, तरी गप्प राहा.

तो "हो" म्हणाला तर आणखी चार गोष्टी विचारायच्या आहेत, तितक्याच सरळ. हे किती दिवस चाललंय? कधी आणि कसं, असं काही ठरवलंयस का? त्यासाठी काही जवळ आणून ठेवलंयस का? याआधी कधी प्रयत्न केला होतास का? पूर्वी प्रयत्न झाला असेल तर धोका बराच वाढतो, डॉक्टरांना ते आधी सांगा. वेळ आणि साधन ठरलेलं असेल तर उद्याची वाट पाहू नका. जे काही जवळ असेल ते खोलीतून बाहेर काढा, शक्यतो त्याला सांगून. खोलीत पडलेल्या औषधांच्या पट्ट्याही दुसरीकडे ठेवा. विकोपाला गेलेला तो आवेग पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि अशा प्रसंगातून वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. या दिवसांत "चल, टेन्शन घालवू" म्हणत त्याच्यासोबत प्यायला बसू नका. दारूने तोल जातो आणि आवेग वाढतो.

आणि मग एक मोह होईल, तो आवरा. "अरे, आईबापाचा तरी विचार कर." आपल्याकडे दहांतले नऊ जण हेच म्हणतात, मायेपोटीच म्हणतात. पण तुमच्या मित्राचं वाक्य पुन्हा वाचा. तो आईबापाचाच विचार करतो आहे. वडिलांनी दरमहा पाठवलेले पैसे, लांबलेलं घरातलं लग्नकार्य, गावात कुणी "काय झालं रे निकालाचं" विचारलं की आईचा उतरणारा चेहरा, हे सगळं तो मनात रोज मांडतो, आणि त्या हिशेबात त्याला स्वतःचा फक्त खर्च दिसतो. नैराश्यात विचार असेच अरुंद होत जातात. माणूस हुशार असला तरी होतात, अधिकारी व्हायला निघालेला असला तरी होतात. अशा वेळी आईबापांची आठवण करून दिली की त्याच्या अपराधीपणात भर पडते. "तुझ्याकडे अजून किती वर्षं आहेत, खुल्या गटालासुद्धा ३८ पर्यंत चालतं" हेही नको. एकतिसाव्या वर्षी थकलेल्या माणसाला ते आणखी सात वर्षं असंच राहायचं, असं ऐकू येतं.

त्याऐवजी त्याने जे म्हटलं तेच हातात घ्या. "घरच्यांवर ओझं झालोय असं तुला वाटतंय. कधीपासून वाटतंय?" त्याला बोलू द्या. खोडून काढायची घाई नको. बराच वेळ ऐकून घेतल्यावर तुम्हाला मनापासून वाटत असेल ते सांगा: "तू नसलास तर कुणी सुटेल असं मला वाटत नाही. मी तर नाही सुटणार." यापेक्षा मोठं भाषण लागत नाही.

आता शपथ. तुमच्या पत्रातला खरा पेच मला इथेच दिसला. तुम्ही ती हलकी मानत नाही, आणि मीही तुम्हाला "शपथबिपथ काही नसतं" असं सांगणार नाही. पण ती घालणारा माणूस त्या रात्री दोन गोष्टी एकदम करत होता. कुणाला सांगू नकोस म्हणत होता, आणि स्वतः सांगत होता. मरावंसं वाटणाऱ्या माणसात बहुतेक वेळा जगावंसं वाटणाराही एक असतो, आणि त्यानेच तुम्हाला गच्चीवर नेलं. शपथ पाळलीत तर तुम्ही दोघांपैकी एकाचंच ऐकलं असं होईल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ बघा. त्याच्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, डॉक्टरांना तो बंधनकारक आहे. पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती सांगण्याची मोकळीक त्याच कलमात आहे. गुप्तता ज्यांच्या पेशाचा धर्म आहे, त्यांनाही इथे कायदा बोलू देतो.

मोडायची पद्धत मात्र नीट ठेवा. त्याच्या पाठीमागे भावाला फोन करून, मग दोघांनी मिळून त्याला अचानक गाठणं, हे अगदी नाइलाज झाला तरच. आधी त्याला सांगा: "तू घातलेली शपथ मी मोडणार आहे. तुला राग येईल, येऊ दे. कळवायचं नक्की आहे. आधी कुणाला, ते तू सांग." हा "कुणाला" फार कामाचा आहे, कारण सगळं हातातून गेलंय असं वाटणाऱ्या माणसाला त्यामुळे एक गोष्ट ठरवायला मिळते. तुम्ही मोठा भाऊ धरून चालला आहात. त्याला कदाचित बहीण जवळची वाटत असेल, एखादा मामा, गावातले जुने शिक्षक. ज्याच्यासमोर त्याला सगळ्यांत कमी लाज वाटते, तो माणूस आधी. फोन शक्यतो त्याच्या शेजारी बसून करा. "तो डिप्रेशनमध्ये गेलाय" असं मोघम सांगू नका. झोप नाही, जेवण सुटलं होतं, जीव द्यायचं बोलला, पुस्तकं वाटून टाकली, असं घडलेलं सांगा आणि कुणीतरी आजच निघा म्हणा. पलीकडून "नाटकं करतोय, अभ्यास नको म्हणून" असं उत्तर आलं तर तिथे हुज्जत घालू नका, पुढच्या नातेवाइकाला फोन लावा.

एक पर्याय सगळ्यांनाच सुचतो: बॅग भरून त्याला गावाकडच्या एसटीत बसवून देणं. कृपा करून हे करू नका. रात्रभराच्या प्रवासात तो एकटा असेल आणि ज्यांच्यासमोर हरल्यासारखं वाटतं त्यांच्याच दारात पहाटे उतरेल. घरचं कुणी इथे येऊ दे. मग गावी जायचं की इथे राहून उपचार घ्यायचे, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. गावी गेला तरी उपचार सुटणार नाहीत ना, एवढं पाहा.

डॉक्टर म्हणजे कुठे? ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. सकाळी ओपीडीला केस पेपर काढायचा, तुम्ही सोबत जायचं, रांगेत शेजारी बसायचं. खासगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत असेल तर तोही चालेल. येरवड्याला मनोरुग्णालय आहे, म्हणून पुण्यात "येरवड्याला पाठवा" हे लोक चेष्टेत इतक्यांदा म्हणतात की मानसोपचार म्हटलं की कोंडून ठेवणं, असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. तुमच्या मित्राच्या मनातही असेल. त्याला सांगा, बहुतेक जण बोलून, औषधं घेऊन त्याच दिवशी परत येतात. औषधांचा गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. आठवड्याभरात "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडणं फार होतं, त्याकडे लक्ष ठेवा. आज रात्री डॉक्टर गाठता आला नाही आणि काय करावं सुचेना, तर टेली मानसला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मित्रासाठी काय करू, हे विचारायला तुम्हीही तिथे फोन करू शकता. पुण्यात 'कनेक्टिंग' ही संस्था आहे, तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक कुठलेही उपदेश न करता ऐकून घेतात.

रेकॉर्डची भीती त्याला खरी वाटते, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका. वर सांगितलेलं कलम २३ त्याला दाखवा. उपचार घेतल्याची माहिती डॉक्टर कुणालाही अशी देऊ शकत नाहीत. पोलिसांचं म्हणाल, तर मनात विचार येणं आणि ते डॉक्टरांना सांगणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न झालाच तरी याच कायद्याच्या कलम ११५ नुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. तिला उपचार मिळवून देणं सरकारचं कर्तव्य ठरतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून त्या संहितेबरोबर गेलं.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या महिन्यांची. पहिल्या दोन रात्री सगळे जागतात, भाऊ येतो, मेसच्या काकू शिरा पाठवतात. पंधरा दिवसांनी जो तो आपापल्या अभ्यासाला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोनने किंवा भेटून चौकशी केली गेली. १८ महिन्यांनी पाहिलं तेव्हा नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २.२ टक्के लोकांनी आत्महत्या केली होती, चौकशी होत राहिलेल्यांपैकी ०.२ टक्के. दीड वर्षात नऊदा "कसा आहेस" विचारणं कुणाही मित्राला जमण्यासारखं आहे. तारखा फोनमध्ये टाकून ठेवा. उत्तर आलं नाही तरी पुढचा मेसेज करा, आणि त्यात निकालाचा, अभ्यासाचा विषय नको.

दोन शब्द इतर वाचकांसाठी, विशेषतः पेठांमधल्या खोलीमालकांसाठी, मेस आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. परीक्षा हे अशा मृत्यूचं एकमेव कारण क्वचितच असतं. आजार, कर्ज, घरातले ताण, एकटेपण असं बरंच काही गुंतलेलं असतं. पण घरापासून लांब राहणाऱ्या मुलाचा डबा आठवडाभर परत आला तर ते त्याच्या आईच्या आधी तुम्हाला कळतं. जागेवर कुणी बसत नाहीये हे अभ्यासिकेच्या काउंटरवरच्या माणसाला दिसतं. "बाळा, डबा परत येतोय, बरं आहे ना?" एवढं विचारा, आणि १४४१६ हा नंबर वेळापत्रकाशेजारी लावून ठेवा.

आता तुमचं. तुम्ही त्याला विचारू शकता, सोबत बसू शकता, दुसऱ्यांना बोलावू शकता. त्याचा प्रत्येक श्वास तुमच्या पहाऱ्यावर चालू शकत नाही, आणि तसं कुणी तुमच्यावर टाकत असेल तर ते चूक आहे. तिसऱ्या रूममेटला आजच सगळं सांगा, रात्री वाटून घ्या, म्हणजे एक आड एक तरी तुम्हाला झोप मिळेल. हे सगळं मनावर बसलं असेल तर तुम्हीही समुपदेशकाकडे एकदा जाऊन या. मित्र काही दिवस रागावेल, कदाचित बोलणार नाही. ते सोसा.

परीक्षा द्या. ती सोडली तर त्याच्या हिशेबात आणखी एक देणं वाढेल. त्या आठवड्यात त्याच्यासोबत कोण राहणार, हे त्याच्या घरचं माणूस पुण्यात आल्या आल्या ठरवून ठेवा.